मिस पुष्पाच्या निरोप समारंभात आपण कशाला हसतो?

निस्सीम इझिकेल यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता वर्गात मोठ्याने वाचली की हशा ठरलेला. पुष्पा परदेशी निघालीय, तिचा सहकारी भाषण ठोकतोय आणि जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला ‘इंग’ चिकटवतोय. हसणाऱ्यांतले बरेच जण त्याच वेळी मनातल्या मनात स्वतःचं पुढचं इंग्रजी वाक्य तपासून घेत असतात. म्हणून ही कविता नेमकी कुणाला हसते, हा प्रश्न फक्त परीक्षेपुरता नाही.

आधी त्या ‘इंग’कडे बघू. ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘लव्ह’ अशी स्थिती सांगणारी क्रियापदं प्रमाण इंग्रजीत सहसा ‘इंग’ घेत नाहीत. मराठीला असलं वावडं नाही. ‘मला कळतंय’, ‘मला आवडतंय’ हे सगळं चालू काळात आणि सगळं बरोबर. तेव्हा ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ म्हणणारा माणूस व्याकरण मोडत नसतो, घरचं व्याकरण पाळत असतो. आणि २००३ साली मॅकडॉनल्ड्सने ‘लव्ह’लाच ‘इंग’ जोडून जाहिरात केली, तेव्हा मात्र ती स्टाइल झाली!

खुद्द इंग्रजीतही हा ‘इंग’ स्थिर नव्हता. अठराव्या शतकात घराचं बांधकाम चालू असेल तर ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप त्या शतकाच्या अखेरीस डोकं वर काढू लागलं आणि पुढे भाषेच्या राखणदारांना ते असह्य झालं. रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन टीकाकाराने १८७०च्या ‘वर्ड्स अँड देअर यूजेस’मध्ये त्यावर अख्खं प्रकरण खर्ची घातलं. आज तेच रूप आपण पॅसिव्ह व्हॉइसच्या तक्त्यात पाठ करतो.

आता इझिकेल. ही कविता त्यांच्या १९७६च्या ‘हिम्स इन डार्कनेस’ संग्रहात आहे. ते मुंबईचे, बेने इस्रायल समाजातले. त्या समाजाची पारंपरिक घरची भाषा मराठी. वृंदा नाबर यांच्यासोबत त्यांनी इंदिरा संत यांच्या कविता इंग्रजीत नेल्या. म्हणजे हा परक्याचा कान नव्हे, आणि एका जागी ते लख्ख दिसतं. काम सांगितलं की पुष्पा लगेच करते, हे सांगताना ‘ओन्ली’ हा शब्द ‘आत्ता’च्या मागे येऊन बसतो. हा तर आपला ‘च’! ‘आत्ताच करते.’ हिंदीतला ‘ही’सुद्धा असाच मागून येतो. एका शब्दाच्या जागेवरून माणूस कुठून आला ते कळतं.

‘इंग’बाबत मात्र कवी इतका नेमका नाही. तो मसाल्यासारखा सगळीकडे भुरभुरलाय. भारतीय इंग्रजीतल्याच त्यांच्या इतर कवितांमधला ‘द पेट्रियट’चा देशभक्त आणि ‘द रेल्वे क्लार्क’चा कारकून हीच लकब घेऊन येतात. माणूस बदलतो, चूक बदलत नाही. खऱ्या ऑफिसात प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या भाषेने, शाळेने, साहेबाने घडवलेलं असतं. इथे सगळे एकाच साच्यातले, आणि ते मला खटकतं.

कवितेचा खरा विनोद दुसरीकडेच आहे. पुष्पाच्या वडिलांचं गाव आठवता आठवता वक्ता सुरतेत अडकतो, तिथल्या आपल्या जुन्या मुक्कामात आणि यजमानीणबाईंच्या स्वयंपाकात रमतो, मग भानावर येतो. हे भाषण मराठीत आणून बघा. ‘इंग’ गळून पडेल, पण सुरतेतला मुक्काम तितकाच हसवेल, कारण असा वक्ता आपल्या प्रत्येक सेंड-ऑफमध्ये असतो (आणि माइक त्याच्याच हातात असतो). तिथे कविता एका माणसाला हसते, त्याच्या इंग्रजीला नाही. वर्गातला हशा मात्र बहुतेकदा त्याआधीच, पहिल्या ‘इंग’लाच, आटोपलेला असतो.

शेवटी वक्ता इतरांना बोलायला सांगतो, समारोप पुष्पा करेल म्हणतो, आणि कविता संपते. परदेशात जाऊन इंग्रजी बोलायचंय ते पुष्पाला. तिचं एकच वाक्य आपल्यापर्यंत येतं, ते ‘आत्ताच’चं, तेही वक्त्याच्या तोंडून. ती खरंच तसं बोलायची की तो ‘ओन्ली’ त्याने आपल्या पदरचा घातला, हे कळायला मार्ग नाही.