शालेय विज्ञान-अध्यापनातील माणूस : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात
शालेय विज्ञान-अध्यापनात सूत्रे व व्याख्या येतात. विज्ञान वापरणारा, त्यात चुकणारा व त्याचे परिणाम भोगणारा माणूस मात्र अनुपस्थित राहतो. भोर तालुक्यातील भाटघर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यातील पानशेत या धरणांच्या परिसरात ही उणीव विशेष जाणवते. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो, हा नियम १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले तेव्हाही अबाधितच होता. काम अपुरे असताना पाणी साठविण्याचा निर्णय माणसांचा होता. खचणाऱ्या भिंतीवर वाळूची पोती रचणारे जवान आणि धरणासाठी गाव सोडणारी कुटुंबे दाबाच्या धड्यात आल्याने सूत्राचे महत्त्व घटत नाही. उलट त्यामागील जबाबदारी स्पष्ट होते. तिच्याविना हे अध्यापन अपूर्णच ठरते.