तारीख कोणती निवडायची?

जयू आणि नचिकेत पटवर्धन यांच्या १९७९च्या चित्रपटाचं नावच एक तारीख आहे: ‘२२ जून १८९७’. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या त्या रात्री चापेकर बंधूंनी पुण्यात, गणेशखिंड रस्त्यावर, प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. चित्रपट जरूर पाहा. पण हे नाव आपली नजर पिस्तुलावर खिळवतं.

त्याच वर्षात आणखी दोन तारखा आहेत. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आला, जेमतेम चार कलमांचा. चौथं कलम म्हणतं, सद्हेतूनं काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. सोजीर देवघरापर्यंत शिरले ते याच कायद्याच्या जोरावर. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन. सूडाच्या गोष्टीत ही तारीख मावत नाही. जुलूम खरा होता, तसा प्लेगही खराच होता.

१८९६मध्ये राजकोटला गांधीजी प्लेगच्या धास्तीनं नेमलेल्या समितीत होते. ते घरोघरी संडास तपासत फिरले. गरिबांनी दाखवले, काही बड्या घरांनी मात्र आतच घेतलं नाही. नकार देण्याची मुभा होती, हाच पुण्याशी फरक.

मार्च २०२०मध्ये तोच कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. पुण्यापासून आमच्या पिपरी मेघेपर्यंत सगळ्यांनी तो अनुभवला. म्हणून चित्रपट पाहताना रँडइतकंच त्या चौथ्या कलमाकडेही बघा. रँड गेला, ते कलम अजून आहे.