६४१ दोनदा वाचा

४२९४९६७२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दिसायला पासबुकावरच्या खातेक्रमांकासारखी रुक्ष. पण २ चा बत्तिसावा घात घ्या, वर एक ठेवा, की झाली ही संख्या.

२ चा घातांक दरवेळी दुप्पट करत, वर एक ठेवत झालेली तिची थोरली भावंडं मोठी नावाजलेली: ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७. पाचही मूळ संख्या. पाचांचा गुणाकार करून दोन मिळवले की येते तीही हीच; म्हणजे त्यांच्यापैकी कुणीही भागायला गेलं तरी बाकी दोन उरणारच. १६४० मध्ये गणितज्ञ फर्माने पत्रातून कळवलं की हे घराणं पुढेही मूळ संख्यांचंच असावं. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. पाच भावंडं बघून सहाव्याबद्दल मीही तेच म्हटलं असतं.

१७३२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पंचविशीतल्या गणितज्ञ ऑयलरने ही सहावी संख्या फोडून दाखवली: ६४१ × ६७००४१७.

गुणाकार करून पाहिला की खात्री पटते, पण मन भरत नाही. ६४१ च का? त्यासाठी ६४१ दोनदा वाचावा लागतो. एकदा ५ × १२८ + १ असा, आणि एकदा ६२५ + १६ असा. पहिल्या वाचनात ६४० म्हणजे ६४१ ला एकच कमी, भागाकाराच्या भाषेत उणे एक. ६४० चा चौथा घात करा, उणेपण गळून पडतं, बाकी १. या चौथ्या घातात आहे काय? ५ चा चौथा घात, म्हणजे ६२५, गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात. आता दुसरं वाचन: ६२५ च्या जागी उणे १६ चालतात. आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. अठ्ठावीस आणि चार, बत्तीस! उणेपण पलीकडे नेलं की २ च्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे १. म्हणजे त्या घातात एक मिळवला की बाकी शून्य. लांबलचक भागाकार कुठेच नाही. ५ आणि २ एवढ्या दोनच अंकांवर हा डाव रचला आहे, आणि प्रत्येक पाऊल तोंडी होतं.

हळहळ वाटते ती फर्माची. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवून येतो, आणि हे काढायला लागणारा नियम फर्माचा स्वतःचा, त्याच १६४० सालचा. त्या चाळणीतून पडणाऱ्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला उत्तर होतं. त्यानंतर तो चोवीस वर्षांहून अधिक जगला.

ती मूळ निघाली असती तर यादीत आणखी एक नाव वाढलं असतं, इतकंच. माझ्या लेखी ती फुटली हेच बरं झालं. पुढच्या भावंडांचं म्हणाल तर ६५५३७ नंतर या घराण्यात एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.