नाव मेरी शेलीचे, कथा कोणाची?

'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आपण सर्वांनी विद्यार्थी असताना लिहिला आहे आणि शिक्षक झाल्यावर ढिगाने तपासलाही आहे. शापाच्या बाजूला अणुबाँब येतो आणि त्याच्या पाठोपाठ वर देणाऱ्यावरच उलटलेला भस्मासुर. थोडे इंग्रजी वाचलेला विद्यार्थी भस्मासुराच्या जागी फ्रँकेन्स्टाइन लिहितो. तिथे दोन चुका होतात. फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचे नाव आहे. त्याने घडवलेल्या प्राण्याला कादंबरीत नावच नाही. आणि तो प्राणी भस्मासुर तर मुळीच नाही.

हे गैरसमज सिनेमांनी अधिकच पसरवले. त्यामुळे १९९४ साली केनेथ ब्रॅना या दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटाला 'मेरी शेलीज फ्रँकेन्स्टाइन' असे लेखिकेसकट नाव दिले, तेव्हा मूळ कथा एकदाची पडद्यावर येणार असे वाटले होते. आम्ही तो पुन्हा पाहिला, या वेळी कादंबरी शेजारी ठेवून. निराशाच पदरी आली.

चांगले आधी सांगू. उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या जहाजावर कथा सुरू होते आणि तिथेच संपते, हा कादंबरीचा आराखडा चित्रपटाने राखला आहे. १९३१ च्या गाजलेल्या चित्रपटातला प्राणी नुसता गुरगुरतो. इथे रॉबर्ट डी नीरोचा प्राणी बोलतो, विचार करतो आणि निर्मात्याला जाब विचारतो. हे मूळ पुस्तकाला धरून आहे.

पण प्रयोगशाळेचे दार उघडते आणि चित्रपट वाहवत जातो. साखळ्या, कप्प्या, गर्भजलाने भरलेले तांब्याचे भांडे, विजेचे झटके देणारे मासे, उघड्या अंगाने धावणारा व्हिक्टर! मेरी शेलीने हा प्रसंग जेमतेम काही ओळींत उरकला आहे. तिला माहिती नव्हती म्हणून नव्हे. बेडकाच्या पायांवरचे गॅल्व्हानीचे प्रयोग तेव्हा सर्वतोमुखी होते. त्याचा पुतण्या आल्दिनी याने १८०३ साली लंडनमध्ये फाशी गेलेल्या गुन्हेगाराच्या प्रेतावर वीज सोडून दाखवली होती. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी अठरा वर्षांची मेरी ही गोष्ट रचू लागली, तेव्हा तिच्याभोवती याच गप्पा चालत. तरीही १८१८ साली छापलेल्या पुस्तकात तिने यंत्राचे वर्णन टाळले. तिला प्रश्न पडला होता तो डोळे उघडल्यानंतरचा. प्राणी डोळे उघडतो, आणि त्याच्या कुरूपतेने घाबरून निर्माता पळ काढतो. गुन्हा इथे घडतो.

मग चित्रपट निर्मात्याला सबबी पुरवू लागतो. चित्रपटात व्हिक्टरची आई बाळंतपणात दगावते आणि तो मृत्यूवर मात करायची शपथ घेतो. कादंबरीत आई जाते ती एलिझाबेथची शुश्रूषा करताना लागलेल्या लाल तापाने, आणि व्हिक्टरला ओढ असते ती मुख्यतः कीर्तीची : नवी प्रजाती आपल्याला निर्माता म्हणून दुवा देईल! दुःखी मुलाला आपण पटकन क्षमा करतो. कीर्तीच्या मागे लागून दोन वर्षे कोणालाही काही न सांगता काम करणाऱ्या संशोधकाला मात्र प्रश्न विचारावेच लागतात.

शिक्षकांना खटकेल अशी आणखी एक गोष्ट. कादंबरीतले प्राध्यापक वाल्डमन हे रसायनशास्त्राचे प्रेमळ शिक्षक आहेत. चित्रपटात त्यांनी स्वतःच पूर्वी हा प्रयोग चोरून केलेला असतो; त्यांचा खून होतो, आणि व्हिक्टर त्यांच्या नोंदी व मेंदू दोन्ही पळवतो. म्हणजे ज्ञान हीच निषिद्ध, गुरूकडून शिष्याकडे जाणारी बाधा ठरते.

सर्वांत मोठे नुकसान शेवटी होते. कादंबरीत प्राणी आपल्यासाठी जोडीदारीण मागतो. व्हिक्टर ऑर्कनी बेटावर ती घडवू लागतो आणि काम अर्धे झाल्यावर थबकतो. हिला स्वतःची इच्छा असेल, यांची संतती वाढली तर पुढच्या पिढ्यांचे काय, असा विचार त्याच्या मनात येतो आणि तो ते अर्धवट शरीर नष्ट करतो. बरोबर की चूक यावर वर्गात तासभर वाद रंगेल. परिणामांचा विचार त्याने कृतीच्या आधी केला, असा कथेतला हा दुर्मिळ क्षण आहे. चित्रपटाने तो गाळला. त्याऐवजी व्हिक्टर मारल्या गेलेल्या एलिझाबेथलाच शिवून जिवंत करतो, आणि ती स्वतःला पेटवून घेते. प्रेक्षक हादरतो, विचार करायला त्याला काही उरत नाही.

प्राण्याचे शिक्षणही असेच उरकले आहे. कादंबरीत झोपडीच्या भिंतीतल्या फटीतून तो ऐकतो : फेलिक्स हा तरुण साफी या परदेशी मुलीला भाषा शिकवत असतो आणि बाहेर बसलेला हा न बोलावलेला विद्यार्थी तिच्याहून लवकर शिकतो. त्याला इतिहास कळतो, काव्य कळते, आणि आपल्याला कोणी जवळ घेणार नाही हेही कळते. चित्रपटात साफी नाहीच. भस्मासुर वर मिळताच उलटला. हा प्राणी लाकडे तोडून त्या कुटुंबाला मदत करत होता. समोर येताच काठ्या खाल्ल्यावर तो उलटला.

विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवू नये असे आम्ही म्हणणार नाही. दाखवावा, पण सोबत कादंबरीतला प्राण्याच्या निवेदनाचा भाग मराठीत सांगावा. मग निबंधाचा विषय बदलून द्यावा : 'व्हिक्टर त्या रात्री पळून गेला नसता तर?' या विषयावर शाप आणि वरदान असे दोन परिच्छेद पाडून मोकळे होता येणार नाही.