‘बनगरवाडी’तील अवर्षण आणि एका क्रियापदाचा घोटाळा

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’च्या (१९५५) अखेरीस पाऊस ओढ देतो, मेंढरे मरू लागतात, धनगर जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. पर्यावरणाच्या अंगाने साहित्य वाचू लागलेल्या वाचकास या अवर्षणात वृक्षनाशाचे फळ दिसावे, हे स्वाभाविक आहे. परंतु या वाचनाचा शेवट कोठे होतो? मेंढरांनी झाडोरा खाल्ला, झाडोरा गेला म्हणून पाऊस गेला आणि पाऊस गेला म्हणून धनगर उठला! ज्याच्यावर आपत्ती कोसळली, तोच तिचा कर्ता ठरतो.

भूगोल या आरोपास दुजोरा देत नाही. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीस त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, घाट उतरून वाईस गेले की सुमारे आठवा, आणि दहिवडी-आटपाडीकडे तो पाचशेच्याही खाली येतो. ही उतरण झाडांनी आखलेली नाही. समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीचा कडा चढताना थंड होऊन तेथेच रिते होतात आणि पूर्वेस उतरताना कोरडे पडतात. रान दाट म्हणून पाऊस दाट, असे म्हणण्यापेक्षा पाऊस दाट म्हणून रान दाट, हे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ आहे. शिवाय माणगंगा महादेव डोंगररांगेत उगम पावून भीमेस मिळते. कोयना-वारणेच्या खोऱ्यांतील अरण्याशी तिच्या पाणलोटाचा संबंध येत नाही.

घोटाळा मुळात क्रियापदाचा आहे. झाडे पाऊस ‘आणतात’, हे विधान सैल आहे. ती पाणी अडवतात, जिरवतात आणि पितातही. या तीन क्रिया परस्परांहून भिन्न आहेत. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेने पहिल्या दोहोंना लोकभाषेत स्थान दिले. (‘जिरवणे’ या धातूस असलेला खोड मोडण्याचा अर्थही डोंगरउतारावरून धावत सुटलेल्या पाण्यास विसंगत नाही.) तिसरी क्रिया मात्र घोषणेत येत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडोत वॅगन व्हील गॅप येथे १९१० ते १९२६ या काळात जो प्रयोग झाला, त्यात झाडे तोडल्यावर ओढ्याचे पाणी घटले नाही, वाढले. बॉश आणि ह्यूलेट यांनी १९८२ साली अशा ९४ प्रयोगांचा आढावा घेतला, त्याचा कलही तोच होता.

अर्थात वर्षाचा एकूण प्रवाह निराळा आणि चैत्रात वाहणारा झरा निराळा. चार महिने पाऊस व आठ महिने उघाड असलेल्या सह्याद्रीत दुसऱ्याचे मोल अधिक. अरण्याखालची भुसभुशीत माती पाणी मुरवते, तुडवलेली माती ते लोटून देते. मुरलेले अधिक की प्यालेले अधिक, हे माती आणि उतार यांवर ठरते. वनांचा पावसाशी मुळीच संबंध नाही, असेही नव्हे. पश्चिम घाटातील अरण्यांनी उच्छ्वसलेले बाष्प तामिळनाडूतील पावसात भर घालते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले. त्यावरून माणदेशातील अवर्षणाचा दोष मेंढक्यांच्या माथी मारता येत नाही.

माडगूळकर या कारणमीमांसेत शिरतच नाहीत. मास्तर वाडी उठताना पाहतो आणि सांगतो. पाऊस का आला नाही, हे तो कोणास विचारीत नाही. ‘पाऊस ओढ देतो’ या माणदेशी माणसाच्या वाक्यात कर्ता पाऊसच असतो.