जखमेचा अर्थ : दोन चित्रपट

युद्धात अपंग झालेल्या सैनिकाचे चरित्र पडद्यावर आणताना त्याच्या जखमेचा अर्थ कसा लावायचा, हा दिग्दर्शकापुढील खरा पेच असतो. ऑलिव्हर स्टोन यांचा ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ (१९८९) आणि कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) हे सत्यकथांवर आधारलेले चित्रपट शेजारी ठेवून पाहिले म्हणजे तो स्पष्ट होतो. पहिल्याचे नायक रॉन कोविक १९६८ साली व्हिएतनाममध्ये छातीखाली लुळे झाले व पुढे युद्धविरोधी चळवळीत उतरले. दुसऱ्याचे नायक सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदकाचे मानकरी ठरले.

दोन्ही कथांत आरंभी एक मुलगा गर्दीतून गौरवाचा सोहळा पाहतो. कोविकच्या गावातील स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत फटाक्याच्या आवाजाने एक अपंग सैनिक दचकतो. त्या दचकण्याचा अर्थ मुलाला उमगत नाही. पुढे तशाच मिरवणुकीत, चाकाच्या खुर्चीत बसून, तो स्वतः दचकतो. मुरली पाहतो ते १९५२ च्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबा जाधवांचे स्वागत. एकाच्या मनावर रणवीर ठसतो, दुसऱ्याच्या मनावर पदक.

यामुळे युद्धाचे स्थानही बदलते. स्टोनचा नायक जखमी होण्यापूर्वीच अपराधी झालेला आहे : निरपराध गावकऱ्यांचे मृत्यू त्याने पाहिले आहेत आणि त्याच्याच गोळीने एक सहकारी बळी पडला आहे. म्हणूनच त्याची जखम प्रश्न विचारू शकते. मुरलीवर मात्र हल्ला कोसळतो, एखादी नैसर्गिक आपत्ती कोसळावी तसा. युद्ध येथे केवळ अडथळा ठरते आणि पदकाने तो ओलांडला जातो.

स्टोन यांच्या चित्रपटात भावनेचा अतिरेक आहे आणि त्यातील व्हिएतनामी माणसे निनावीच राहतात. पेटकरांनी कोविक व्हावे, अशी अपेक्षाही अन्यायाची ठरेल. त्यांचे आयुष्य वेगळे आहे. परंतु ‘चंदू चॅम्पियन’मध्ये एका ठिकाणी निराळी शक्यता डोकावते. वृद्ध मुरलीकांत पोलीस ठाण्यात जाऊन माजी राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवू पाहतात. या विनोदी प्रसंगात राज्यसंस्थेला जाब विचारणारा सैनिक क्षणभर उभा राहतो. त्याचे मागणे मात्र अर्जुन पुरस्कारापुरतेच आहे.

पेटकरांना २०१८ मध्ये पद्मश्री आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार लाभला. तक्रार निकाली निघाली. त्या गोळ्या ज्या युद्धातून आल्या, त्याच्याविषयीचा प्रश्न चित्रपटाने नोंदवलाच नव्हता. त्यामुळे तो निकाली निघण्याची वेळही आली नाही.