आयरिश कथेतील किशोरवय

किशोरवय ओलांडताना मुलाला नेमके काय कळते, हा प्रश्न आयरिश कथेने शंभरहून अधिक वर्षे लावून धरला आहे. तिचे उत्तर बहुधा एकच असते: मोठी माणसे आपापसांत कोणता व्यवहार करतात आणि त्या व्यवहारात आपली किंमत किती, हे.

जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ (१९१४) या संग्रहाने या कथेचा पाया घातला. त्यातल्या ‘अ‍ॅराबी’मधला मुलगा मित्राच्या बहिणीसाठी बाजारातून काहीतरी आणायचे कबूल करतो. त्या संध्याकाळी काका उशिरा घरी येतो; मुलाचे जाणे त्याच्या लक्षातच राहिलेले नसते. मुलाच्या हाती दोन शिलिंग पडतात. एक शिलिंग प्रवेशाला जातो, थोडे पेन्स आगगाडीच्या भाड्याला, आणि दुकाने मिटत आलेली असताना तो चिनी मातीच्या भांड्यांसमोर उभा राहतो. तिथली तरुणी दोन पुरुषांशी गप्पा मारण्यात गुंतलेली असते. काही हवे का, असे ती विचारते, पण त्या विचारण्यात अगत्य नसते. अखेरीस त्याच्या खिशात सहा पेन्सचे एक नाणे आणि दोन पेनी उरतात. जॉइसने हा हिशेब पैशापैशाने चोख ठेवला आहे. मुलाचा अपेक्षाभंग इतका खरा वाटतो तो या हिशेबामुळेच.

पुढच्या पिढीला हे सूत्र सहज पुढे नेता आले नाही. १९२९ च्या प्रकाशन नियंत्रण कायद्याने शरीराविषयी मोकळेपणी लिहिणे अवघड करून ठेवले. फ्रँक ओ’कॉनरच्या मुलांवरच्या गाजलेल्या कथा लहानग्यांच्या आहेत, हा निव्वळ योगायोग नसावा. ‘फर्स्ट कन्फेशन’मधल्या सात वर्षांच्या जॅकीच्या पापांवर पाद्रीसुद्धा हसू शकतो, पंधरा वर्षांच्या मुलाच्या पापांवर तेव्हाचा आयर्लंड हसला नसता. शॉन ओ’फेलनने ‘द ट्राउट’मध्ये वेगळी वाट काढली. बारा वर्षांच्या ज्युलियाला झाडीतल्या एका लहानशा खळग्यात अडकलेला मासा सापडतो. मोठी माणसे त्याचा उलगडा करायला बसतात, धाकट्या भावाला परीकथा हवी असते. ज्युलिया मात्र रात्री एकटीच उठून माशाला नदीत सोडून येते. तिच्या मोठे होण्याविषयी लेखक अवाक्षर काढत नाही, आणि तरी सगळे कळते. त्या काळातली या विषयावरची ही सर्वांत निर्दोष कथा म्हणावी लागेल.

कोंडी फुटली ती १९६० च्या दशकात, आणि तीही किंमत मोजून. एडना ओ’ब्रायनच्या ‘द कंट्री गर्ल्स’ (१९६०) या कादंबरीवर बंदी आली. जॉन मॅकगॅहर्नच्या ‘द डार्क’वर (१९६५) बंदी आलीच, शिवाय त्याची शिक्षकाची नोकरीही गेली. दोघांच्याही उत्तम कथांत जॉइसचा हिशेब अधिक कठोर होऊन परततो. ओ’ब्रायनच्या ‘आयरिश रेव्हल’मधली सतरा वर्षांची मेरी डोंगराकडच्या शेतावरून जुन्या सायकलवर गावातल्या हॉटेलात मेजवानीला येते. येताना टायर फुटू नये एवढीच तिची धास्ती. तिथे पोहोचल्यावर उमगते, की पाहुणी म्हणून नव्हे, राबायला बोलावले आहे.

मॅकगॅहर्नच्या ‘कोरिया’त तर माणसाचा भावच ठरलेला आहे. शाळा संपवून परीक्षेच्या निकालाची वाट पाहणारा मुलगा वडिलांबरोबर नदीत ईल मासे धरतो. तू अमेरिकेला जा, असा वडिलांचा आग्रह चालू असतो. मग एकदा वडिलांचे गुरांच्या व्यापाऱ्याशी चाललेले बोलणे त्याच्या कानावर पडते: तिकडे गेलेल्या मुलांना सैन्यात घेतात, महिन्याला अडीचशे डॉलर घरी येतात, आणि कोरियाच्या युद्धात मेला तर दहा हजार. तरीही मुलगा भांडत नाही. दोघे पुन्हा नावेत बसतात, आणि वडिलांची इतकी जवळीक त्याला पूर्वी कधीच वाटलेली नसते. ही भयंकर जवळीक हीच मॅकगॅहर्नची खरी कमाई. एवढ्या थोडक्या पानांत इतके साधणारी कथा जगात विरळाच.

विल्यम ट्रेव्हरने आयरिश गावांतली घुसमट अधिक शांतपणे टिपली. ‘अ‍ॅन ईव्हनिंग विथ जॉन जो डेम्प्सी’तला मुलगा पंधराव्या वाढदिवशी मद्यालयात एका अविवाहित प्रौढाचा उपदेश ऐकत बसतो, आणि तसेच आयुष्य त्या मुलाच्याही वाट्याला येणार याची वाचकाला धास्ती वाटते. याच सुमारास परिस्थितीही पालटत होती. १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले, आणि १९६८ पासून ‘आयरिश प्रेस’ या दैनिकात डेव्हिड मार्कस नव्या कथांसाठी पान चालवू लागला.

क्लेअर कीगनच्या ‘द पार्टिंग गिफ्ट’मध्ये (संग्रह ‘वॉक द ब्लू फील्ड्स’, २००७) घर सोडून न्यूयॉर्कला निघालेल्या मुलीची एक सकाळ आहे. बापाने तिच्यावर केलेला अत्याचार आणि आईचे ते चालू देणे, दोन्ही ती सोबत घेऊन निघते. सगळी कथा ‘तू’ असे संबोधून सांगितली आहे. स्वतःच्या आयुष्याकडे ‘मी’ म्हणून पाहणेही त्या मुलीला झेपणारे नाही, हे त्या एका निवडीतून जाणवते.

कॉलिन बॅरेटच्या ‘यंग स्किन्स’पर्यंत (२०१३) मोठी माणसे कथेच्या कडेला सरकलेली दिसतात. मेयो परगण्यातल्या ग्लानबी या काल्पनिक गावात विशीच्या आगेमागची पोरे, मोटारी, दारू आणि मारामाऱ्या उरतात. भाषा झळझळीत आहे, पण हिंसेच्या लयीत ती अधूनमधून स्वतःवरच खूश होते. लूसी कॉल्डवेलचा बेलफास्टमधल्या मुलींवरचा ‘मल्टिट्यूड्स’ (२०१६) त्या मानाने भारी ठरतो. ‘हिअर वी आर’मध्ये दोन शाळकरी मुलींचे प्रेम आहे, आणि त्यांच्याभोवतीचे शहर त्या प्रेमाला जागा द्यायला तयार नाही. इथे व्यवहार पैशांचा नाही, अब्रूचा आहे.

उणीव आहे ती एका बाजूला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आफ्रिका, पूर्व युरोप आणि आशियातून आलेल्या कुटुंबांची मुले आयर्लंडच्या शाळांत वाढली. मेलाटू उचे ओकोरीच्या ‘धिस हॉस्टेल लाइफ’ (२०१८) या तीन कथांच्या छोट्या संग्रहाने स्थलांतरितांच्या जगण्याचे दार उघडले, पण त्या मुलांच्या किशोरवयाला आयरिश कथेने अजून पुरेशी जागा दिलेली नाही. ती मिळेपर्यंत हे दालन अपुरेच म्हटले पाहिजे.